फुंकरबाबा खुराड्यात बसले

टेपकाकूंच्या परसात त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिंतीवर माणसं, पाण्याच्या टाकीवर माणसं, वाळत घातलेल्या पडद्यांमधून नुसती डोकी. सगळ्यांचे डोळे जमिनीवर आडव्या पडलेल्या एका कोंबडीवर.

फुंकरबाबांनी तिला कुशीवर दाबून धरलं, चोचीपुढे खडूने सरळ रेघ ओढली आणि हात काढला. कोंबडी हलेना. डोळे उघडे, पाय ताठ.

"गेली," कुणीतरी कुजबुजलं.

"गेली नाही, पाठवलीय," बाबा म्हणाले. "खुराड्यात कोण बसलंय याची वरती चौकशी करून येईल." मग त्यांनी फुंकर मारली, टाळी वाजवली, आणि कोंबडी पंख झटकून चालती झाली. निम्म्या गर्दीने हात जोडले. उरलेल्यांचे हात खाली होते ते फक्त भिंत धरायची होती म्हणून.

गळ्यात कायम टेप, म्हणून शिवणकाम करणाऱ्या या बाईंना गल्ली टेपकाकू म्हणायची. समोरचा कितीही फुगून उभा राहिला तरी त्याचा खरा घेर मनात मोजायचा, ही त्यांची पस्तीस वर्षांची खोड. पण आज पंचाईत घरातच होती. दहा दिवस झाले, आठही कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जायचं नाव घेत नव्हत्या. तुरे फिके पडलेले, अंडी बंद. मग निवृत्त पोस्टमन नवऱ्याने बायकोला न विचारता बाबांना आवतण धाडलं.

"रक्तपिशाच्च आहे," बाबांनी निकाल दिला. "कोंबड्या संपल्या की माणसांवर येईल. आठही आम्हाला द्या. आमच्या जागेवर नेऊन शांत करतो."

"मसाला लावून की नुसत्याच?" काकूंनी विचारलं.

"अगं, जिभेला काही हाड?" नवरा कासावीस झाला. "शेजारच्यांनी चार दिल्या, निमूट."

"त्यातली एक तरी शांत होऊन परत आली का हो?"

बाबांचा हात तोवर ठिपकीच्या मानेकडे गेला होता. तीच मघाशी वरती जाऊन आलेली. कापडाच्या चिंध्यांत, मशीनच्या दिव्याच्या उबेला काकूंनी तिला पिल्लापासून वाढवलेलं. काकूंनी तिला झटकन काखेत मारलं.

"आधी पिशाच्च दाखवा. मग कोंबडी."

"बाईंना प्रचीती हवीय," बाबा हसले. "खुराड्याच्या दारं-फटींना बारदान लावा. अंधार करा. आम्ही त्याला मांडीवर घेऊन बसतो."

पोट दारात अडकलं तेव्हा दोघांनी मागून रेटून बाबांना आत घातलं. आतून थोडा वेळ मंत्र ऐकू आले. मग शांतता. मग चापट्या. मग एक असा शब्द, जो कुठल्याच मंत्रात नसतो. खुराडं गदागदा हललं आणि बाबा दाराची चौकट गळ्यात घेऊनच बाहेर आले. मान खाजवली, काखा खाजवल्या, आणि पुढे चारचौघांत खाजवू नये ते सगळं खाजवलं.

"पिशाच्च झोंबलं मला," बाबा कळवळले.

"काय तेज आहे बघा खाजवण्यात," भिंतीवरून एक बाई भारावून म्हणाल्या.

काकूंची नजर बाबांच्या पांढऱ्या कॉलरवर होती. कॉलरवरची बारीक रवाळ नक्षी चालत होती. आजवर शिवलेल्या एकाही कॉलरची नक्षी चालली नव्हती. त्यांनी सुई, भिंग आणि पांढऱ्या अस्तराचा तुकडा आणला. कोंबड्या बसायच्या त्या दांड्याखालच्या फटीत सुई फिरवून वर अस्तर घासलं. अस्तरावर लाल रेघ उमटली.

गर्दी चार पावलं मागे. "रक्त."

"रक्तच. माझ्या कोंबड्यांचं." काकूंनी भिंग नवऱ्याच्या डोळ्याला लावलं. "दिसले किडे? दिवसा फटीत लपतात, अंधार पडला की बाहेर येऊन रक्त पितात. म्हणून कोंबड्या आत जात नव्हत्या. त्यांना कळलं, आपल्याला नाही. बाबांनी बारदान लावलं, किड्यांना वाटलं रात्र झाली. जेवण आयतं चालत आलेलं."

"पण मेलेली कोंबडी उठली ती?" नवरा हट्ट सोडेना.

काकूंनी ठिपकीला कापड बेतायच्या टेबलावर अलगद कुशीवर दाबलं, आपल्याच खुणेच्या खडूने रेघ ओढली, हात काढला. ठिपकी ताठ. शेजारी दुसरी निजवली, खडूशिवायच. तीही ताठ.

"कोंबडीला वाटतं, मांजराने धरलं. भीतीने गोठते. जरा वेळाने आपली आपण उठते, टाळी वाजवा नाहीतर नका वाजवू."

मग भिंतीवरच्या त्याच बाई खाली उतरल्या आणि काकूंच्या पायांवर डोकं ठेवलं. "बाबांना एकच जमली. तुम्ही दोन झोपवल्या." त्यांच्यामागे रांग लागली. कुणाचा गुडघा, कुणाची खट्याळ सून.

बाबा एव्हाना नळाखाली बसले होते. रांगेत त्यांची आठवण कुणालाच नव्हती.

काकूंनी कपाळावर हात मारला. "वाकायचंच असेल तर हातात ब्रश घेऊन वाका. दांडे काढा, फटी घासा, उकळतं पाणी ओता, उन्हात वाळवा, सांध्यांत तेल सोडा. आठवड्याने परत तेच करा."

तीन आठवड्यांत कोंबड्या संध्याकाळी आपणहून आत जाऊ लागल्या. तुरे लाल झाले. ठिपकीने पहिलं अंडं दिलं ते नवऱ्याच्या टोपीत, आणि त्याने टोपी तिथेच राहू दिली.

खुराड्याच्या दारावर काकूंनी खडूने लिहून ठेवलंय: 'आधी फट बघा. मग भूत.' दोघं-तिघं अजूनही येतात आणि त्या अक्षरांना हात लावून डोळ्यांना लावतात.

काकू त्यांच्या हातात ब्रश देतात.