बारीक अक्षरांतली तारीख

विवरणपत्राच्या फॉर्मवर दोन तारखा असतात. पहिली वरच, चौकटीत, ठळक. दुसरी शेवटच्या पानावर, सूचनांच्या गर्दीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. पहिली चुकली तर दंड भरून कधीपर्यंत भरता येईल, ती ही. तीही गेली की कुणाच्या पाया पडून उपयोग नाही.

आमचे हे करसल्लागार. सव्वीस वर्षं लोकांची विवरणपत्रं भरतायत. मी त्याच दोन खोल्यांच्या ऑफिसात फायली लावते, फोन घेते. दुसरी तारीख गिऱ्हाइकाला दाखवायची नाही, हा ह्यांचा दंडक. ती दिसली की माणूस तिच्याच भरवशावर बसतो, म्हणतात. उलट पहिलीसुद्धा आम्ही अलीकडे ओढतो. फॉर्मवर एकतीस असेल तर मी फायलीवर लाल पेनाने वीस लिहिते. आजवर कुणी पकडलं नाही, कारण फॉर्म वाचतो कोण?

यंदा सीझनच्या तोंडावरच ह्यांना जिना चढताना धाप लागू लागली. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. डॉक्टरांकडे हे एकटेच गेले आणि कागद घेऊन आले: ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या बारा तारखेच्या आत.

"एकतिसला काम संपतं. वर बारा दिवस हातात," म्हणाले. तारीख मी स्वतः वाचली होती, म्हणून गप्प बसले.

अठ्ठावीसला दुपारी आयकर खात्याने मुदत पंधरा दिवसांनी वाढवली. फॉर्मवर छापलेली तारीख तशीच, सोबत नुसतं एक परिपत्रक. बाहेरच्या बाकावर फाइल घेऊन बसलेला एक फोटोग्राफर, आमचं दरवर्षीचं गिऱ्हाईक, लग्नात नाचावं तसा खूश झाला. "वहिनी, आता चहा पाजाच!"

आतून ह्यांचा आवाज आला, "मग ऑपरेशनही पंधरानंतरच ठेवू. डॉक्टरसुद्धा हातचं राखूनच तारीख देतात. आपण नाही का देत?"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! पण गिऱ्हाइकांसमोर भांडण नको म्हणून पर्स उचलली आणि तडक हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टर वयाने आमच्या मुलीएवढ्या. मी विचारलं, "बाराच्या थोडं पुढे गेलं तर चालेल का?"

"पुढे?" त्यांनी फाइल उघडली. "अहो, बारा ही दुसरी तारीख आहे. मी या महिन्याची आठ दिली होती. त्यांनी अक्षरशः हात जोडले, सीझन आहे म्हणाले. मी धोका समजावून सांगितला, लेखी घेतलं, मग बारा लिहिली. तुम्हाला बोलले नाहीत?"

खाली सही होती. घाईत असले की हे शेवटचं अक्षर खातात. तसंच खाल्लेलं होतं.

"उद्या सकाळी आणा त्यांना," डॉक्टर म्हणाल्या.

परत आले तेव्हा बाकावर चार माणसं होती. "आज ऑफिस बंद," मी म्हटलं. फोटोग्राफर कुरकुरणार होता, पण माझा चेहरा बघून त्याने मुकाट्याने फाइल उचलली. मी दार लावलं आणि आत गेले.

"आठ तारीख," एवढंच म्हटलं.

ह्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "सीझनचं निमित्त होतं गं. मला भीती वाटते. टेबलावर झोपलो आणि उठलोच नाही तर?"

इतक्या वर्षांच्या संसारात भीती हा शब्द ह्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. उशिरा येणाऱ्यांना हे आळशी म्हणायचे, मीही ह्यांची री ओढायची. त्यांतले किती जण नुसते घाबरलेले असतील, देव जाणे. मला रागही आला होता आणि ह्यांना पोटाशी धरावंसंही वाटत होतं. मी खुर्ची ओढून शेजारी बसले.

"मलाही भीती वाटते," म्हटलं. "पण उद्या सकाळी निघायचं."

ह्यांनी मान हलवली. कॉम्प्युटर बंद केला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "अजून वेळ आहे ना गं?"

डॉक्टरांना हेच विचारायला मी दारातून एकदा मागे वळले होते. धीर झाला नव्हता.