मिठाच्या पाण्यातली पेशी

जांभळ्या चौकटी, एकीला एक खेटून, मधून मुंगी जायला वाट नाही... वीरेंद्रनं सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू किंचित फिरवला तशा त्या स्वच्छ झाल्या. प्रत्येक पेशीला पक्की भिंत, आत रंगीत पाण्यानं टच्च फुगलेली रिक्तिका, आणि तिनं कोपऱ्यात रेटलेलं केंद्रक — घरातला कर्ता पुरुष, पण बसायला जागा नाही — हे तो दर वर्षी सांगायचा आणि तुमसरच्या त्या कॉलेजातली अकरावी दर वर्षी हसायची. आजही हसली.

पान त्याच्या बायकोच्या, रीताच्या कुंडीतलं होतं. तिच्या माहेराहून, कोंढ्याहून लग्नात आलेलं झाड, तिच्या मायनं लावलेलं. माय जाऊन आता तीन वर्षं झाली. वरून हिरवं, पोटाशी जांभळं असलं पान प्रयोगाला सोयीचं, साल अलगद निघते, म्हणून त्यानं एक नेलं, मग दुसरं — एकशे बेचाळीस मुलं, दरेकाला नखाएवढी साल — आणि एका सकाळी कुंडीत नुसता बुंधा, शिक्षा झाल्यासारखा उभा.

"एक तरी ठेवाचं होतं जी," रीता एवढंच म्हणाली होती.

"आता तुही माय अकरावीच्या दोन्ही तुकड्यांत आहे," तो म्हणाला होता. विनोद होता तो. चांगला जमलाय असं त्याला वाटलंही होतं. दुसऱ्या दिवशी ती बापाच्या शेतात धानाच्या रोवण्याला गेली. आठ दिवस म्हणाली, आज तेविसावा. एवढ्यात सासऱ्यांनी, गोपीचंदमामांनी, अख्खा पवनी तालुका रोवून टाकला असता.

आणि या तेवीस दिवसांत बुंध्याला एक कोवळं पान फुटलं होतं. आज सकाळी चहा पिता पिता त्यानं तेही तोडलं. सवयीनं.

खुशबू नावाच्या मुलीनं काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. बघता बघता जांभळा रंग भिंतीपासून सुटला, आत आत सरकत गेला, मध्यभागी गोळा होऊन बसला. भिंती होत्या तशाच, चौकोनी, शिस्तीत... बाहेरून पाहणाऱ्याला घर ठीकच दिसावं.

"सर, हे मरून राहिली का?"

"नाही. मेलेलीले असं आकसता येत नाही," वीरेंद्र म्हणाला. "साधं पाणी टाक. थांब मंग जराशी."

"भरते का परत?"

"काही भरतात."

तो व्हरांड्यात आला, फोन लावला. पलीकडे चिखलातून पाय उपसल्याचा आवाज, बायांचं बोलणं, मग रीताचा श्वास.

"नवं पान आलं होतं," तो म्हणाला. "मीनं तोडलं. आज."

मग, "हं."

रागाचं, थकल्याचं, की नुसतंच ऐकल्याचं... ठरवता येईना. जिभेवर एकापाठोपाठ तीन विनोद आले, तिन्ही बरे होते. त्यानं ते जाऊ दिले. ती फोन ठेवत नव्हती. तोही ठेवत नव्हता, आणि मधल्या त्या रिकाम्या जागेत काही भरायची घाई, आयुष्यात पहिल्यांदा, त्याला होत नव्हती.