गठ्ठ्यात जाता जाता वाचलेला सनजक

या मित्रांनो, पुढे सरकून बसा. पूर्वरंग थोडका ठेवतो, कारण आख्यानात एका माणसाचा हात अडकायचा आहे.

मी एक जुना शब्द आहे. माझं नाव सनजक. तुर्की सुलतानांच्या राज्यात आपल्या जिल्ह्यासारखे विभाग असत, त्यांना सनजक म्हणत. एका लेखनिकाने श्वास रोखून बोरूने मला अरबी लिपीत नकाशावर उतरवलं, भोवती सोनेरी वेल काढली. तेव्हा माझा केवढा मान! पुढे ते राज्य गेलं आणि मी गुंडाळला जाऊन पेटीत पडलो. पेट्या बदलत कुवेतला, अर्दिया भागातल्या एका गोदामात पोचलो.

यंदा ते गोदाम रिकामं करायला काढलं. रद्दी दाबून गठ्ठे करणारं यंत्र धडधडत होतं. मुकादम उल्हास नाशिकचा. त्याने बजावलं होतं, "कंटेनर आज बंदरावर पोचलाच पाहिजे. मशीन थांबवेल त्याचं घरचं तिकीट काढीन!"

आणि मी पडलो थेट यंत्राच्या तोंडात. वरून लोखंडी पाटा उतरू लागला. एवढ्यात यंत्रावर काम करणाऱ्या, श्रीवर्धनच्या जहीरभाईंना माझी अरबी अक्षरं दिसली. अल्लाचं नाव असेल, असं वाटून त्यांनी हात आत घातला. मला धरलं, पण हातमोजा अडकला. पाटा खाली येतच होता.

"जहीर, सोड ते!" उल्हास ओरडला.

जहीरभाई सोडेनात. शेवटी उल्हासनेच धावत जाऊन लाल बटण दाबलं. पाटा बोटभर अंतरावर थांबला. हात निघाला. हातमोजा आणि माझा एक कोपरा आतच राहिला.

"कागदासाठी हात घालवतोस? ताकाच्या बाटलीवरही अरबीच असतं. तिलाही मुका देणार का?"

"बाटली वाचता येते, उल्हासभाऊ. हे येत नाही. म्हणून तर भीती वाटली."

उल्हासने संतापून मला हिसकावलं, खाली आपटलं. त्याचा बूट मला लागला मात्र, तो चटकन वाकला. मला शिवून बोटं कपाळाला लावली. लहानपणची सवय!

गोदामाच्या मालकीणबाई हिबा आल्या. त्यांनी मला वाचलं. यात अल्लाचं नाव नाही, हा जिल्ह्यासाठीचा जुना शब्द आहे, म्हणाल्या.

जहीरभाईंचा चेहरा पडला. "म्हणजे जिल्ह्यासाठी हात घालवत होतो मी?"

"निदान तुझा रायगड तरी असता!" उल्हास म्हणाला.

"आणि माझं तिकीट?"

"तुझं कशाला? मशीन मी थांबवलं."

आज मी हिबाबाईंच्या शर्क भागातल्या कचेरीत काचेआड आहे. पाहुणे सोनेरी वेल वाखाणतात. कोपरा का फाटला, हे कुणी विचारत नाही.

मित्रांनो, वाचता न येणारा कागद टाकण्याआधी क्षणभर थांबा. आणि आज देवापुढे हात जोडाल, किंवा दुआसाठी उचलाल, तेव्हा मला विसरलात तरी चालेल. जहीरभाईंचा तो हात आठवा.