खोटी तारीख

लिहायचं असेल तर ध्येय कागदावर हवं, तेही तारखेसकट, असं फर्मान ताईंनी जानेवारीत काढलं. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासतात आणि स्वतः कथा लिहितात. त्यांनी आपलं लिहिलं: महिन्याला एक कथा. मग पेन माझ्यापुढे केलं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. गेलेल्या बायकोचा चष्मा दुरुस्त करून नेणाऱ्या एका म्हाताऱ्याचा किस्सा मी जेवताना सांगितला होता. दोन महिन्यांत तो ताईंच्या कथेत जाऊन बसला. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, तू सांगितला होतास का?" आता यांचा डोळा मी लिहीत असलेल्या कादंबरीवर की काय?

कादंबरी जूनमध्ये संपवायची, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. कागदावर लिहिलं: कादंबरी, तीन वर्षांनी.

"तीन? तुझ्यापेक्षा कासव बरं," ताई म्हणाल्या.

मग दर महिन्याला फोन. "किती झालं?"

"कुठलं काय ताई, पाटी कोरी!"

एवढी चौकशी फुकट कोण करतं? जूनमध्ये कादंबरी झाली, ती मी कपाटात कपड्यांखाली दडवली. नवऱ्यालाही बोलले नाही. शेवटी तो त्यांचाच भाऊ.

ऑगस्टमध्ये ताई आल्या त्या तोंड पाडूनच. "आमच्या साहेबांना नव्या लेखिकेची कादंबरी हवी होती, तयार असलेली. घरात एक लिहिणारी आहे म्हणून जानेवारीपासून त्यांचं डोकं खाल्लं मी. तुला दर महिन्याला उगाच विचारत होते का? काल त्यांनी दुसरीची घेतली. म्हणाले, तीन वर्षं कोण थांबणार!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, माझी झालीय. जूनमध्येच."

त्यांचा चेहरा क्षणभर खुलला, मग उतरला. "आणि मला पाटी कोरी सांगत होतीस?"

मी कपाटाकडे वळले.

"मी चोरेन असं वाटलं तुला?"

"छे, छे!" मी जरा जास्तच घाईनं म्हणाले.

ताईंनी पर्स उचलली. "दुसरा प्रकाशक शोध. चांगली लिहितेस, मिळेल. मला मात्र वाचायला देऊ नकोस."

त्या गेल्यावर मी ढसाढसा रडले. आणि सांगायला लाज वाटते, पण हायसंही वाटलं.