नववा प्रश्न

नगोने फायने भिंग रोझालीच्या पोटावरून खाली आणलं आणि मांडीपाशी थांबवलं. गजकर्णाची कडी एकात एक गुंतून पार कमरेपर्यंत पसरली होती. आठवा महिना आणि त्यात ही खाज. पोरीला धड बसवत नव्हतं. बसवत नगोनेलाही नव्हतं. सकाळपासून तिच्या काखेखाली आग होत होती, आणि नर्सने पेशंटसमोर खाजवायचं तरी कसं?

"कधीपासून आहे?"

"ईस्टरपासून."

"मलम लावलं होतंस?"

"दोनदा लावलं," उत्तर स्टुलावर बसलेल्या आईने दिलं. फिलोमेन सांबू बाजारात पामतेल विकायची आणि तिचा आवाजही बाजाराचाच होता. "जातं मेलं, आणि दुप्पट होऊन येतं."

काओलाक शहरातल्या या दवाखान्यात तीन आठवडे कातडीच्या रोगांची पाहणी चालली होती. साधं गजकर्ण शहरातल्या बायकांच्या अंगावर वणव्यासारखं का पसरतंय, हे डॉक्टर बादियानबाईंना शोधायचं होतं. खरं तर त्यांना उत्तर ठाऊक होतं आणि नगोनेलाही. कागदावर मात्र ते उतरत नव्हतं. कारण नवव्या प्रश्नाला एकशे बारा बायकांनी बिनदिक्कत 'नाही' म्हणून सांगितलं होतं, आणि बाई सांगेल तेच लिहायचं, असा नियम होता.

"रंग उजळायचं क्रीम लावतेस?" नगोनेने विचारलं.

"नाही, सिस्टर."

रोझालीचा चेहरा, गळा, दंड सगळं पिवळसर गोरं झालेलं. बोटांचे सांधे तेवढे काळे. क्रीम कितीही चोपडा, ते सांधे काही उजळत नाहीत. नगोनेचं पेन अडलं. 'नाही' लिहिलं की मलमाची नळी हातात देऊन पोरीला घरी पाठवायचं. ती मलमावर पुन्हा क्रीम थापणार, त्यातल्या स्टेरॉइडने गजकर्ण आणखी फोफावणार, पोटातलं बाळ अशक्त निपजणार, आणि ऐन वेळी पोट कापावं लागलं तर जखम भरता भरणार नाही. डॉक्टरबाईंनी हे सगळं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"खरं सांग गं. इथे तुला कोणी रागवणार नाही."

"नाही म्हटलं ना!"

नगोनेने 'नाही' लिहिलं. दुसऱ्याला खोटारडी म्हणायला तिला तोंड कुठे होतं? पाहणीच्या कामासाठी माणसं निवडताना डॉक्टरबाईंनी प्रत्येकीकडून लिहून घेतलं होतं की मी असलं क्रीम लावत नाही. लावणारी निघाली तर तिला त्याच दिवशी घरी पाठवणार होत्या. नगोनेने सही ठोकली होती. तेव्हापासून या उकाड्यात ती मनगटापर्यंत बाह्या आणि वर हातमोजे घालून वावरत होती.

"काय गं सेरेरणी?" फिलोमेन तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचत म्हणाली. "फाय म्हणजे आमची गुलामच की तू! मालकीण आलीय, तिला पाणी विचारायचं सोडून हे कसले प्रश्न?"

नगोनेला हसू आवरलं नाही. सेरेर आणि जोला या दोन जमातींचं हे थट्टेचं नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं.

"गुलाम तू, मावशी. तुम्हा जोलांना भात दिसला की गावाचाही पत्ता आठवत नाही."

"भात पिकवायचा आम्ही आणि चाटूनपुसून खायचा तुम्ही! ते जाऊ दे. माझा नजराणा काढ. ते हातमोजे दे इकडे. तेल ओतून हात चिकट होतात माझे."

"खोक्यातले नवे देते की."

"नवे ठेव तुलाच. मला हेच हवेत."

या नात्यात मागितलेलं द्यावं लागतं. नाही म्हणणं वाईट, रागावणं त्याहून वाईट. झाकली मूठ सव्वा लाखाची हे नगोनेला कळत होतं, पण म्हातारी हसत हसत हात पसरून बसली होती आणि हात काही मागे घेत नव्हती.

नगोनेने एक मोजा ओढून काढला, मग दुसरा. उजळ बोटं आणि त्यांच्यावरचे काळे सांधे टेबलावर उघडे पडले. फिलोमेनने मोजे पिशवीत टाकले आणि खिडकीबाहेर बघत बसली.

रोझालीने सिस्टरचे हात पाहिले, मग स्वतःचे.

"तुम्ही पण?"

"चार वर्षं झाली." नगोने म्हणाली. "लाज वाटते गं. दोनदा सोडून पाहिलं. सोडलं की चेहरा काळवंडतो, डाग उठतात. पुन्हा डबी उघडते."

"मग आम्हालाच कशाला विचारता?" रोझाली फणकारली.

नगोनेने गठ्ठ्यातला प्रश्नांचा एक न भरलेला कागद काढून पेनासकट पोरीपुढे सरकवला.

"तू विचार. मी सांगते."

रोझाली सहावीपर्यंत शिकलेली. तिने नाव लिहिलं, वय लिहिलं, बोट ठेवत ठेवत नवव्या प्रश्नावर आली आणि मोठ्याने वाचला. पडद्यापलीकडे बाकावर नंबर लावून बसलेल्या बायकांनी कान टवकारले.

"हो," नगोने म्हणाली. "हो लिही."

रोझालीने लिहिलं. मग आपल्या पिशवीतून अर्धी संपलेली पांढरी डबी काढून टेबलावर ठेवली.

"सोडलं तर बाळाच्या बाप्तिस्म्याच्या फोटोत मी काळी दिसेन ना, सिस्टर?"

"दिसशील," नगोने म्हणाली. "मीही दिसेन. पण एकदम नाही सोडायचं. कसं सोडायचं ते डॉक्टरबाई सांगतील."

तिने पोरीच्या कागदावरचं 'नाही' खोडून 'हो' केलं, स्वतःच्या कागदाखाली सही केली आणि दोन्ही कागद उचलले.

"चल. बाई आत्ता आहेत खोलीत."

दाराशी फिलोमेनने मोजे काढून पुढे केले. नगोनेने घेतले नाहीत.