माझ्या वाटणीची हवा

मी एक जुना कॉपियर आहे, मित्रांनो. तुम्ही मला झेरॉक्स मशीन म्हणाल. सध्या शहाडच्या एका भंगारवाल्याकडे उताणा पडलो आहे, पण माझी कीव करू नका. माझे झाले तेवढे लाड तुमच्या आईनेही तुमचे केले नसतील.

१९८७ साली मी अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात आलो. मॅनेजर श्यामकांत साहेबांनी माझ्यापुढे नारळ फोडला, दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी लावली आणि मला धूळ लागू नये म्हणून खोलीची एकुलती एक खिडकी खिळे ठोकून बंद केली.

माझ्या कामावर तुळशी नावाची मुलगी नेमली. पालेगावची, मॅट्रिक झालेली. बापाची जमीन कारखान्यात गेली, त्या बदल्यात मिळालेली ही नोकरी, आणि सगळं घर तिच्यावर चालायचं. तिचं टेबल माझ्या पाठीला चिकटून होतं, जिथून माझी गरम, उग्र वासाची हवा बाहेर पडे. माझ्यातली उरलेली छपाईची काळी पावडर तीच पदराने नाक दाबून झटकायची. वर्षभरात ती खोकू लागली. मला त्या खोकल्याचा वैताग येई.

"सायेब, खिरकी थोरी उघरू का? मना दम लागतं," ती एकदा म्हणाली.

"धूळ आत गेली तर मशीन बसेल. तू गूळ खा. पावडर गुळाने उतरते."

रंगखात्यात कामगारांना रोज गूळ वाटत. तो खाल्ला की छातीतली धूळ धुऊन निघते, असं साहेबांपासून हमालापर्यंत सगळे मानत. तुळशीही मानायची, वेडी! खडा चघळायची, खोकायची, काळपट थुंकायची आणि खडा लहान पडला असेल म्हणून दुसरा मागायची.

चौथ्या वर्षी मी आजारी पडलो. प्रती काळ्या येऊ लागल्या, कागद अडकू लागले. लगेच मुंबईहून गुरुदत्त मेकॅनिक आला. मला उघडून म्हणाला, "साहेब, मशीन तापतंय. त्याला हवा कुठाय? पहिली खिडकी खोला."

दुपारच्या आत सुतार आला आणि खिडकी उघडली. तुळशी धावत गेली, गज धरून तोंड उघडून वारा घेऊ लागली.

"ए, बाजूला हो," साहेब खेकसले. "मशीनची हवा अडवू नकोस!"

ती परत माझ्या पाठीशी येऊन बसली. टेबल खिडकीकडे सरकवावं, असं कोणाच्याही मनात आलं नाही.

मी खडखडीत बरा झालो. तुळशी झाली नाही. तिला जिना चढवेना, तेव्हा साहेबांनी तिला काढून तिच्या धाकट्या बहिणीला, वेणूला घेतलं. काम शिकवायला तुळशीच आली होती. धापा टाकत तिला म्हणाली, "हितंच बस. टेबल हलवू नको, सायेब वरडतात."

यंत्रांची निगा राखा, असं तुमच्या पुस्तकात असतं. जरूर राखा, मित्रांनो. पण कधी पालेगावात गेलात, तर तुळशीच्या दाराशी क्षणभर थांबून तिचा श्वास ऐका. माझी निगा कोणाच्या जिवावर राखली गेली, ते कळेल.