कुंडलिकचं उताणं पोहणं

या मंडळी, पुढं सरकून बसा. देवाचं नाव घेऊन एका पोहणाऱ्याची गोष्ट सांगतो. गोड नाही हो.

सदतीस सालची गोष्ट. पुण्याच्या एका कॉलेजात कुंडलिक फळ्यावरची यादी वाचत उभा होता. मुंबईच्या सामन्यांत उताणं पोहायला नाव लागलं होतं बरोबरच्याच आनंदरावांचं. याच आनंदरावांना त्यानं आदल्या दिवशी निवडीच्या शर्यतीत दोन हात मागं टाकलं होतं. तीन वर्षं त्या प्रकारात तोच पहिला.

आनंदरावांचे मामा जिमखान्याचे चिटणीस. कुंडलिक त्यांना विचारायला गेला, तर त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तिथं बड्या साहेबांच्या पंगतीला बसायचंय. काट्याचमच्यानं खाता येतं का तुला? आणि तुझं पोहणं आता आनंदाला येतंच की. तूच शिकवलंस."

शिकवलं होतं खरं. कुंडलिक भोरकडचा, वेळवंड खोऱ्यातल्या धनगरवाडीचा. भाटघरचं धरण झालं आणि वाडीचं चरायचं रान पाण्यापल्याड गेलं. तेव्हापासून करडू छातीवर बांधायचं, उताणं पडायचं आणि त्याच्या नाकात थेंब जाऊ न देता पलीकडं निघायचं, ही तिथली रीत. दुसरी रीत त्याहून कडक. पोहायला शिकव म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं आणि तो कधी बुडाला, तर ते मरण आपल्या माथी. म्हणून आनंदरावांनी विचारताच यानं हातचं काही राखलं नव्हतं.

"मग म्या तीन सालं कशापायी पवलो?" त्यानं विचारलं. चिटणिसांनी कागद उलटला.

कुंडलिकनं जिंकलेले पेले तिथंच ठेवले, वह्यांचं गाठोडं बांधलं आणि वाडी गाठली. आठ दिवस तो भाकरी पुढं आली की ताट सरकवायचा.

नवव्या दिवशी आनंदराव आले, बूट हातात घेऊन, चिखल तुडवत. म्हणाले, मामांनी परस्पर नाव घातलं, मी मागितलं नव्हतं. पण हौदाच्या भिंतीशी मागं वळायची गिरकी काही जमत नाही, तेवढी दाखव.

"मागितलं न्हवतं," कुंडलिक म्हणाला, "आन् नगं बी म्हनला न्हाईत."

शेरडांमागं बसलेला बाप, सोनबा, तिथूनच बोलला, "कुंडल्या, शिकाय आलाय त्यो."

"आबा, ह्यानं माजी जागा खाल्ली."

"व्हय, खाल्ली. शिव्या घाल त्याला. पन न्हाई म्हनू नगंस."

कुंडलिकनं शिव्या घातल्या. आनंदरावांना, मामांना, त्यांच्या काट्याला नि चमच्याला. आणि तशाच शिव्या घालत पाण्यात उतरला. उभ्या खडकाची भिंत केली. एक शिवी, एक गिरकी. दिवस कलायच्या वेळी आनंदराव खडकाला हात लावून असे वळले, की सोनबाच्या तोंडून वाहवा निघून गेली.

कुंडलिक बाहेर आला आणि पाण्याकडं पाठ करून बसला.

आनंदराव मुंबईत पहिले आले. कॉलेजच्या भिंतीवर त्यांचं नाव सोनेरी अक्षरांत लागलं. कुंडलिक पुन्हा उताणा पोहला नाही. शिकायला पोरं येत. त्यांना तो काठावरून शिव्या घालत शिकवी. करडं मात्र पाण्यापल्याड दुसऱ्यांनी न्यावीत.

तर मंडळी, संध्याकाळी देवापुढं हात जोडाल तेव्हा कुंडलिक सोनबा धनगर हे नाव एकदा घ्या. हळू नको. कॉलेजच्या त्या भिंतीला ऐकू जाईल असं घ्या.